मदत हवी आहे: किनाऱ्याचे छोटे राखणदार (पेडणे, गोवा)

नमस्कार मंडळी,

आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. मोरजीचा किनारा घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. मुलगी चौथीत आहे. आमच्या आणि शेजारच्या वाड्यावरची मिळून बारा मुलं आहेत, आठ ते तेरा वयाची. त्यांच्यासाठी या हिवाळ्यात एक उपक्रम सुरू करायचा आहे, त्यासाठी मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते.

माझी नणंद टेक्सासला असते. गेल्या उन्हाळ्यात ती मुलाला घेऊन पाद्रे आयलंड या समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात गेली होती. तिथे 'ज्युनिअर रेंजर' म्हणून कार्यक्रम असतो. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत तो आहे. मुलांना एक पुस्तिका मिळते. त्यातली कामं तिथे फिरून, बघून पूर्ण करायची आणि रेंजरला नेऊन दाखवायची. रेंजर पुस्तिका तपासतो, दोन-चार प्रश्न विचारतो, मग मूल उजवा हात वर करून शपथ घेतं आणि त्याला बिल्ला मिळतो. त्या किनाऱ्यावर केम्प्स रिडले जातीची कासवं अंडी घालतात, म्हणजे आपल्या ऑलिव्ह रिडलेची अगदी जवळची भावकी. भाच्याने व्हिडिओ कॉलवर शर्टाला लावलेला बिल्ला दाखवला आणि माझी मुलगी मला म्हणाली, "आई, कासवं तर आपल्याकडेपण येतात. मग आपला बिल्ला कुठे मिळतो?"

मला उत्तर देता आलं नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, चारही ठिकाणी कासवं येतात. वन खात्याची माणसं घरटी राखतात, कुंपण घालतात, रात्री जागतात. मुलांना मात्र त्यात कुठेच जागा नाही.

शाळेतून किनारा स्वच्छतेला नेतात, तेही गेल्या वर्षी जवळून पाहिलं. हातमोजे वाटले, बॅनर धरून फोटो काढले आणि अर्ध्या तासात मुलं बसमध्ये. मुलीला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाली, "बाटल्या." समुद्रासमोर उभं राहून आलेल्या मुलीने फक्त बाटल्या सांगितल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि एक चूक आमच्या घरातली. दोन वर्षांपूर्वी तिने एक सुंदर शंख उचलून आणला आणि दप्तराच्या खणात ठेवला. सकाळी वास आला तेव्हा कळलं की आत जिवंत खेकडा होता. रात्रभर बाहेर यायला धडपडला असणार, खणाच्या प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे होते. ती खूप रडली. मीही तिला कधी सांगितलं नव्हतं की शंख उचलण्याआधी उलटा करून आत बघायचं असतं. तेव्हापासून मनात आहे की ही गोष्ट कुणीतरी प्रत्येक मुलाला हातात शंख देऊनच शिकवायला हवी.

म्हणून मराठीत एक छोटी वही करायला घेतली आहे. नाव 'छोटे राखणदार'. आपल्याकडे गावाचा राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, काय असतो हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

वहीतलं पहिलं काम भरती-सुकतीचं. माझे सासरे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. मुलांनी आठ दिवस वाळूत काठी रोवून स्वतः वेळ टिपायची आणि आजोबांच्या हिशेबात किती मिनिटांचा फरक पडतो ते काढायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे का सरकते, हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल. हे मी मुलीबरोबर दोन दिवस करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला उठवायला तीच आली.

दुसरं काम रापणकारांशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी, बोलण्याचं. आज जाळ्यात काय आलं, काय पूर्वी यायचं आणि आता येत नाही, हे विचारून लिहायचं, माशांची नावं त्यांच्या तोंडची. तिसरं, एक दिवस रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला, सलीम अली पक्षी अभयारण्यात. तिथे तिवराचं पान उलटून बोटाने पुसायचं आणि बोट चाखायचं. झाड खारं पाणी पिऊन मीठ पानातून बाहेर टाकतं हे एकदा जिभेला कळलं की विसरणं शक्य नाही. हिवाळ्यात वाळूवर चिलखे आणि कुरव उतरतात, त्यांचीही नोंद आहे. पक्ष्यांच्या थव्यात धावायचं नाही, हा नियम मोठ्या अक्षरात लिहिलाय.

अडलंय ते कासवांपाशी. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावण्याचा प्रश्नच नाही आणि मला तसं काही नकोच आहे. रात्री टॉर्च घेऊन बारा मुलं किनाऱ्यावर गेली तर अंडी घालायला आलेली मादी परत फिरेल. पिल्लंसुद्धा उजेडाकडे वळतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना भुलवतात. मुलांना संध्याकाळी लांबून शॅकचे (वाळूवरच्या खानावळींचे) दिवे मोजायला लावावेत आणि मालकांना मुलांच्याच अक्षरात पत्र द्यावं, असं डोक्यात आहे. हे बरोबर वाटतं का?

आता नेमके प्रश्न:

वन खात्याकडे अर्ज करायचा तर कुणाच्या नावाने, आणि शाळेच्या इको क्लबमार्फत गेलं तर लवकर होतं का? वही तपासून सही वनरक्षकानेच करावी अशी माझी फार इच्छा आहे. आईने केलेल्या सहीला ते वजन येणार नाही. पण त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे, हेही दिसतं.

वही मराठीत आहे. तीन मुलं घरी कोंकणीच बोलतात. शपथ दोन्ही भाषांत असावी की फक्त कोंकणीत?

आणि बिल्ला करवंटीचा करून देणारा कारागीर पेडणे-म्हापसा भागात कुणाच्या माहितीत आहे का? प्लॅस्टिकचा बिल्ला नको आहे.

भर, दुसऱ्या दिवशी: सगळ्यांचे मनापासून आभार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला मुलांना घेऊन जा असं तिघांनी सुचवलं. नक्की जाऊ. तिथे गावकऱ्यांनीही हे काम अंगावर घेतलं आणि पाहुण्यांची सोयही घरोघरी केली, ते मुलांनी बघायलाच हवं. पण ती एक सहल होईल. मला आपल्या वाळूवर रोज परत येणारं काम हवं आहे.

वेळेबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना: अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. म्हणजे जानेवारीतल्या घरट्याची पिल्लं मार्चमध्ये, नेमकी परीक्षांच्या आसपास. म्हणून नोव्हेंबरपासून सुरू करायचं म्हणते, दर रविवारी सकाळी दोन तास. वहीची कच्ची पानं तयार आहेत. गोव्यातल्या शिक्षकांपैकी कुणी वाचून चुका काढून देणार असेल तर इथेच सांगा, पाठवते.