अप्रेंटिसचं सरकारी अनुदान: मुलाच्या खात्यात, मालकाच्या, की परीक्षेनंतर?

धागाकर्ता
छोट्या कारखान्यांनी अप्रेंटिस, म्हणजे काम शिकायला येणारी मुलं, घ्यावीत म्हणून केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे. ठरलेल्या विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा सरकार उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये. पूर्वी मालकाने सगळं द्यायचं आणि मग सरकारकडे परतावा मागायचा, अशी पद्धत होती. आता सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो.

हिशेब करून बघा. 2019च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाचं विद्यावेतन महिन्याला किमान 7,700 होतं. त्याचे 25 टक्के 1,925 होतात, पण मर्यादा 1,500ची. म्हणजे उरलेले 6,200 मालकाच्या खिशातून. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, पण 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. या छोट्यांनाच वळवायचं असेल तर एवढ्याने भागणार नाही.

माझा प्रस्ताव असा: अनुदान भरपूर वाढवा, पण वाढीव रक्कम मुलगा शेवटची ट्रेड टेस्ट, म्हणजे शिकलेल्या कामाची परीक्षा, पास झाला की एकरकमी मालकाला द्या. म्हणजे शिकवलं तरच पैसे. तुमचं मत?

लघुउद्योजक
साफ असहमत. माझं लेथ-मिलिंगचं छोटं युनिट आहे. नवीन मुलाचा खर्च पहिल्या काही महिन्यांतच होतो आणि तुम्ही पैसे देणार शेवटी!

विद्यावेतन हा त्यातला लहान भाग. मोठा खर्च माझ्या टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराच्या, वेळेचा. तो मुलाला चार जबड्यांच्या चकमध्ये (लेथवरच्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सेंटरला कसा आणायचा ते दाखवत उभा असतो, तेव्हा त्याचं स्वतःचं मशीन बंद असतं. मुलगा मायक्रोमीटर जास्त आवळून चुकीचं माप घेतो आणि जॉब स्क्रॅपमध्ये जातो. मटेरियल गिऱ्हाइकाचं असेल तर त्याची भरपाई (डेबिट नोट) माझ्या नावावर. चकची चावी चकातच ठेवून मशीन चालू करणारी मुलं मी पाहिली आहेत. ती चावी उडून कोणाला लागली तर काय होईल, याची धास्ती वेगळीच.

आणि एवढं करून तो वर्षाच्या मध्येच मोठ्या कंपनीत गेला तर? टेस्ट देणार तिथून, आणि माझ्या हाती काही नाही. पैसे दर महिन्याला द्या आणि मालकाला द्या.

माजी अप्रेंटिस
दर महिन्याला मालकाला द्या म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही ऐकावी. मी फिटर म्हणून एका कारखान्यात अप्रेंटिसशिप केली. बहुतेक काळ पॅकिंग, लोडिंग आणि एकाच ड्रिल मशीनवर तेच ते होल. फाइलिंग करून, म्हणजे कानशीने घासून, काटकोन जुळवणं, जे फिटरचं मूळ काम, ते आयटीआयत जेवढं झालं तेवढंच. आमची बॅच संपली की दुसरी बॅच त्याच ड्रिलवर.

कायदा बघा. अप्रेंटिसेस कायदा 1961, कलम 18: शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. सुरक्षितता आणि इजा झाल्यास भरपाई या तरतुदी तेवढ्या आहेत. म्हणजे आधीच स्वस्त असलेल्या माणसावर सरकारने आणखी सवलत द्यायची. यातून शिक्षण वाढेल की पॅकिंगवरच्या कायम माणसाची जागा जाईल?

थेट मुलाच्या खात्यात पैसे येतात हीच या योजनेतली सर्वात चांगली सुधारणा आहे. कृपा करून ती मागे फिरवायला सांगू नका.

लघुउद्योजक
भाऊ, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण बॅचच्या बॅच ड्रिलवर उभी करणं हे मोठ्या शेडचं काम. माझ्याकडे एक मुलगा येतो आणि तो थेट माझ्या टर्नरच्या शेजारी उभा राहतो. दोघांना एकच नियम लावू नका.

करदाती
मूळ प्रश्नच चुकतोय. अनुदान कशाला? ज्याला माणूस हवाच आहे तो अनुदान नसतानाही घेतो आणि असलं की पैसेही घेतो. ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये कोविडच्या काळात अप्रेंटिसचं निम्मं वेतन, तिमाहीला 7,000 डॉलरपर्यंत, सरकारकडून दिलं. भरतीची झुंबड उडाली. पण भरती म्हणजे शिक्षण पूर्ण होणं नव्हे. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचा प्रश्न तिथे जुनाच आहे. जर्मनीत नेहमीच्या काळात प्रशिक्षण भत्ता कंपनी स्वतः देते.

आयटीआय निदेशक
मॅडम, जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. तिथे मुलगा आठवड्यातला काही वेळ सरकारी व्यवसाय शाळेत असतो, तो खर्च सरकारचाच. परीक्षा चेंबर, म्हणजे उद्योगांच्या संघटना, घेतात. आणि छोट्या कारखान्यात सगळी मशीन नसतील तर काही कारखाने मिळून एक मुलगा वाटून घेतात, किंवा चेंबरच्या सामाईक वर्कशॉपमध्ये पाठवतात. पैसा आहेच, फक्त मालकाच्या हातात रोख दिला जात नाही.

मला यातलंच हवं आहे. 2016च्या योजनेत अगदी नवख्या मुलाच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी 500 तासांना 7,500 रुपयांपर्यंत तरतूद होती. कल्पना उत्तम होती. मुलगा टूल ग्राइंड करायला (हत्याराला धार लावायला), व्हर्नियर या मापयंत्रावरचं माप वाचायला आणि चकची चावी काढून ठेवायला आमच्याकडे शिकून गेला, तर लघुउद्योजक साहेबांचं स्क्रॅप आणि धास्ती दोन्ही कमी होतील. वाढीव पैसा तिथे घाला.

धागाकर्ता
लघुउद्योजकांचा मुद्दा पटला, सगळी रक्कम शेवटी ठेवणं छोट्याला झेपणार नाही. तेव्हा प्रस्ताव बदलतो. मुलाच्या खात्यातले 1,500 तसेच राहू द्या. मालकाला वेगळी रक्कम द्या, पण फक्त 30च्या आतल्या आस्थापनेला आणि दोन हप्त्यांत: सहा महिन्यांनी जवळच्या आयटीआयत प्रात्यक्षिक घेऊन एक, शेवटच्या टेस्टनंतर दुसरा. मुलगा मध्येच गेला तरी पहिला हप्ता मालकाचाच.

माजी अप्रेंटिस
प्रात्यक्षिक होणार असेल तर माझा विरोध कमी होतो. पण मुलाने रोज कोणतं काम केलं त्याची नोंदवही मुलानेच भरायची आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी ती निदेशकांनी बघायची. आमची वही सुपरवायझर एका बैठकीत महिन्याभराची भरत असे.

लघुउद्योजक
वहीला माझी हरकत नाही. सहा महिन्यांचा हप्ता मात्र सहा महिन्यांनीच आला पाहिजे. जुन्या पद्धतीत परताव्याची वाट बघून मी पुढचा मुलगा घेतलाच नव्हता.

करदाती
मी अजूनही विरोधातच आहे. निदेशक सरांच्या मूलभूत प्रशिक्षणाला मात्र माझा पाठिंबा, कारण मुलगा नंतर कुठेही गेला तरी तो पैसा वाया जात नाही.