मदत हवी आहे: लाल मुंग्यांचं घरटं उतरवलं, खायचं कसं?

रानवाट: शनिवारपासून रानात दोन मुक्काम. सोबत मीठ, मिरची, काडेपेटी, बास. काल सराव म्हणून पानं शिवलेलं घरटं कोयत्याने तोडून पोत्यात घातलं. गाठ मारेस्तोवर मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. पोतं अंगणात पडलंय, आत सळसळ चालू आहे. कच्च्या चालतात का? लवकर सांगा.

बांबूबन: कुठून लिहिताय? झाड कसलं?

इंद्रावतीकाठ: भाऊ, पोतं कशाला? आमच्या गडचिरोलीतल्या भामरागडकडे फांदी कापली की घरटं थेट बादलीभर पाण्यात बुडवतात. मुंग्या थंडावल्या की पानं काढायची, मुंग्या आणि पांढरी अंडी निथळून मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटायची. लिंबू नको, आंबटपणा मुंगीचाच. पहिल्यांदा खाताय तर आधी तव्यावर परता.

कोशफूल: ती बहुतेक अंडी नव्हेत, अळ्या आणि कोषावस्थेतली पिल्लं. अळ्यांच्या रेशमानेच ही मुंगी पानं शिवते.

पूर्वघाट: खरी चटणी ओडिशातल्या मयूरभंजची. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या काई (लाल मुंग्यांच्या) चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

इंद्रावतीकाठ: म्हणून छत्तीसगडमधल्या बस्तरचा चापडा, म्हणजे तिथली मुंग्यांची चटणी, खोटा ठरतो का? तिथे आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात विकतात.

पाऊसवेडा: त्यापेक्षा उधई, म्हणजे वाळवी घ्या. पहिल्या पावसात पंखवाली निघते, दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं की झालं. पंख झाडून भाजा.

रानवाट: आत्ता पाऊस कुठाय? कुडाळजवळ आहे, झाड आजोबांच्या काजूचं.

काजूवाली: अहो, ही तर ओंबील! काजूवरची ढेकण्या नावाची कीड हीच खाते. आम्ही घरटी जपतो आणि तुम्ही तोडताय! बागेत फवारणी कधी झाली?

रानवाट: आजोबा म्हणतात, गेल्या आठवड्यात.

काजूवाली: मग ती खाऊच नका. धुऊन किंवा परतून औषध जाईल याचा भरवसा नाही.

बांबूबन: आणि कोळंबी खाल्ल्यावर कधी त्रास झालाय?

रानवाट: लहानपणी ओठ सुजले होते. त्याचा इथे काय संबंध?

बांबूबन: कोळंबीतली काही प्रथिनं कीटकांतही असतात. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांना मुंग्यांनीही तसाच त्रास होऊ शकतो. रानात घसा सुजला तर दवाखाना गाठेस्तोवर काय कराल? शिजवूनही खाऊ नका, उधईसुद्धा नको.

रानवाट: पोतं त्याच काजूखाली नेऊन सोडतोय. दोन दिवसांना किती तांदूळ पुरतील?