वजन उचलल्यानं दंड पैलवानासारखे होतात का? चरबी घालवायचीय, बॉडी नकोय

गोडोलीची_बाई
नमस्कार. वय 36, उंची 5 फूट 2 इंच, वजन 72 किलो. साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन बाळंतपणांनंतर पोट आणि दंड सुटलेत. उन्हाळ्यापासून रोज पहाटे ‘चार भिंती’च्या टेकडीपर्यंत चालत जाते. सुरुवातीला 3 किलो उतरलं, आता दोन महिने काटा जागचा हलत नाही. म्हणून जिम लावली. पहिल्याच आठवड्यात हातात डंबेल दिले आणि चौथ्या दिवशी ब्लाउजची बाही दाटायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला हे पैलवानी दंड शोभतात का?" घाबरून डंबेल सोडले. तिथले एक सर म्हणतात लेडीजनी फक्त ट्रेडमिल करावा, दुसरे म्हणतात वजन उचलाच. डिसेंबरात धाकट्या दिरांचं लग्न आहे. मला बारीक व्हायचंय, पिळदार नाही. फक्त दंडाची आणि पोटाची चरबी जाईल असा काही व्यायाम आहे का?

घाटातला_पळणारा
ताई, पळायला लागा. मी पाच वर्षं यवतेश्वरचा घाट पळतोय, 80 किलोचा 66 वर आलो. वजनं कधी उचलली नाहीत. एकदम घाटात मात्र जाऊ नका, आधी सपाटीवर चालत-पळत सवय करा.

कृष्णाकाठची_शिवणवाली
ताई, मी सांगलीत 19 वर्षं ब्लाउज शिवते. आठवड्याला तीस-पस्तीस बायकांचे दंड माझ्या टेपखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या दाटलेल्या बाहीचं. चार दिवसांत स्नायू वाढत नाही. अंगाला सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून निघेपर्यंत शरीर तिथं पाणी धरतं. दंड टणक लागतो, ठणकतो, काटाही किलोभर जास्त दाखवतो. हे ओसरतं. तुम्ही नेमकं त्याच वेळी सोडलंत याचं मला फार वाईट वाटलं.

पैलवानी दंड कसे होतात ते मी घरात पाहिलंय. माझा भाऊ तेराव्या वर्षी तालमीत गेला. पहाटे चारला उठून जोर-बैठका, संध्याकाळी लढती. दिवसाला दोन लिटर दूध, तूप, वाटलेले बदाम, मटण, हे पुरवता पुरवता आई मेटाकुटीला यायची. एवढं करून त्याचं अंग भरायला सहा वर्षं लागली, आणि तो वाढीच्या वयातला मुलगा होता. ज्या टेस्टोस्टेरॉन हार्मोनमुळं पुरुषाचं अंग भरतं ते बायकांच्यात अगदी थोडं असतं. शाळा आणि स्वयंपाक सांभाळून आठवड्यातून तीनदा डंबेल उचलणारी बाई चुकून पैलवान होत नाही. शिवाय तालमीतली मेहनत करणारा प्रत्येक जण अंगानं आडवा होतो असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीतून कांस्यपदक घेऊन आले ते 57 किलोच्या गटात.

आता माझं. 2021 ला मी 74 किलोची होते. रोज आमराईत तासभर चालायचे आणि रात्री नुसतं ताक प्यायचे. पाच महिन्यांत 9 किलो गेले, सगळ्यांनी कौतुक केलं. पण शिलाई मशीनवर बसलं की पाठ भरून यायची, जिना चढताना मांडीत जोर नसायचा, आणि दंड कमी झाला तरी खाली लोंबायला लागला. वर्षभरात 7 किलो परत आले. उपाशी राहून उतरवलं की चरबीबरोबर मांसही जातं, हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मापाच्या वहीचं शेवटचं पान स्वतःसाठी ठेवलं. जून 2022: वजन 72, दंडघेर पावणेचौदा, कंबर 38. सप्टेंबर: वजन 71, दंडघेर साडेतेरा, कंबर साडेछत्तीस. नुसता काटा बघितला असता तर तीन महिन्यांत एक किलो म्हणून रडले असते. जून 2024: वजन 64, दंडघेर सव्वाबारा, कंबर 33. दोन वर्षं वजन उचलून दंड दीड इंचानं उतरला. मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतो तिथं, जी चुणी पडायची ती आता पडत नाही.

करते एवढंच: आठवड्यातून तीन दिवस बैठका, ओट्याला हात टेकून जोर, डंबेल वाकून पोटाकडे ओढणं आणि उभं राहून डोक्यावर ढकलणं. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, असं तीनदा. शेवटचे दोन नेट लावूनच व्हायला पाहिजेत. 2 किलोच्या डंबेलपासून सुरुवात केली, आता 7 वर आहे. मधल्या दिवशी चालणं, ते तुम्ही सोडू नका.

काटा अडकलाय तो बहुतेक ताटात. शेंगदाण्याच्या चटणीवर आपण जे तेल ओततो ना, त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी असतात. त्या खर्चायला तुमच्या-माझ्या वजनाच्या बाईला जवळजवळ अर्धा तास चालावं लागतं. मी भाकरी सोडली नाही, दोनाच्या जागी दीड घेते. आमटी पातळ न करता घट्ट करते, रोज दोन अंडी खाते, अंडी नसतील त्या दिवशी उसळ. आणि साबुदाण्याची खिचडी हलकी नसते हो, उपवासाच्या दिवशीच सगळ्यात जास्त पोटात जातं.

फक्त दंडाची चरबी काढणारा व्यायाम नाही. दंडाच्या व्यायामानं दंडाला जोर येतो, चरबी मात्र शरीर आपल्या क्रमानं काढतं. माझी आधी चेहऱ्याची गेली, पोटाची सगळ्यात शेवटी.

लग्नाचा ब्लाउज नोव्हेंबर संपता संपता टाका. आत एक इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायला सांगा.

मिरजेचा_फिजिओ
शिवणवाल्या ताईंनी लिहिलंय त्याला माझा दुजोरा. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, बायकांनाही.

एक भर. बाळंतपणानंतर काहींच्या पोटाचे मधले स्नायू फाकलेले राहतात. पाठीवर झोपून डोकं उचलल्यावर बेंबीजवळ उभा फुगवटा दिसला तर सिटअप्स थांबवा आणि एकदा तपासून घ्या. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त घाई नको. कंबर 80 सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत आणायचं बघा.

गोडोलीची_बाई
वाचता वाचता डोळे भरून आले. आज घरी टेप काढला. दंडघेर साडेचौदा, कंबर 39, वहीत तारीख घालून लिहिलंय. डोकं उचलून बघितलं, बेंबीशी दोन बोटांएवढा फुगवटा दिसतो, म्हणून शनिवारी दाखवून येते. तोवर बैठका आणि ओट्यावरचे जोर चालतील ना? आज सहाच झाले. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "कोपरं बाहेर जातायत, आत घे."

मिरजेचा_फिजिओ
चालतील. जोर काढताना श्वास सोडा, पोट बाहेर ढकललं जाऊ देऊ नका. कोपरांचं सासूबाईंनी बरोबर सांगितलंय.