सकाळी थंड इंजिन मिसिंग मारतं, गरम झालं की ठीक – एस्टीम २००४

हरवळ्याचा (साखळी)

गाडी मारुती एस्टीम, २००४, १.३ लिटर, सोळा वॉल्व, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). १,३८,००० किमी. स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर नाही, हेड कव्हरवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) स्पार्क बनवणाऱ्या दोन कॉइल, प्रत्येकीची प्लगला जाणारी एक लीड (वायर).

सकाळी स्टार्ट केली की तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते, सायलेन्सरमधून एका ठेक्यात भक्-भक् येतं. सात-आठ मिनिटांत तापमानाचा काटा जागेवर आला की इंजिन एकदम गुळगुळीत. नंतर दिवसभर काही नाही, चार माणसं घेऊन चोर्ला घाट चढते. पावसाळ्यात जास्त जाणवतं, पण मे महिन्यातही होत होतं.

आतापर्यंत: प्लग दोनदा बदलले (गॅप १.१ मिमी), दोन्ही लीड नव्या, एक कॉइल नवी, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ, पेट्रोल फिल्टर नवा. फरक शून्य. चेक इंजिन लाइट पेटत नाही. आता गॅरेजमधून सांगतायत की दुसरी कॉइल बदलू, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर). चवथीच्या आधी गाडी हवी आहे. ईसीएमवर पैसे घालण्यापूर्वी काय तपासू?

कुर्टी_ट्यूनिंग

ईसीएमचं नाव तूर्त काढू नका. इतके पार्ट बदलले, पण कुठला सिलिंडर मिस करतो हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. ते कळल्याशिवाय पुढचा एकही पार्ट विकत घेऊ नका.

लाइट पेटत नाही यावरून काही ठरत नाही. मिसिंगवर लक्ष ठेवणारी ओबीडी-२ (गाडीतली दोष शोधणारी यंत्रणा) आपल्याकडे २०१३ पासून सक्तीची झाली. तुमच्या ईसीएमला सेन्सरची वायर तुटलेली कळते, सिलिंडर पेटला नाही हे कळत नाही. डायग्नोसिस टर्मिनल (दोषाचा कोड वाचायची पिन) अर्थ करून लाइटचे ब्लिंक मोजा. कोड १२ आला तर त्याच्या हिशेबी सगळं ठीक आहे.

गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी स्टार्ट करून मिसिंग चालू असतानाच एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि परत लावायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की आरपीएम लगेच पडतो, थरथर वाढते. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला सिलिंडर. फक्त पहिल्या दोन सेकंदांतला फरक धरा, कारण आयडल कंट्रोल वॉल्व हवा वाढवून आरपीएम परत वर आणतो आणि फसगत होते. प्लगची लीड उपटून ही टेस्ट करू नका. उघड्या लीडमुळे कॉइलचं इन्सुलेशन फुटतं, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं वाटोळं होतं.

तुमच्या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ ला स्पार्क देते, दुसरी २ आणि ३ ला, दोन्ही सिलिंडरला एकाच वेळी. म्हणून कॉइल आतून गेली तर बहुतेक वेळा जोडी मरते. एकच सिलिंडर मरत असेल तर कॉइलवरचा संशय बराच कमी होतो. मग त्या सिलिंडरचा प्लग, लीड किंवा बूट (प्लगवरची रबरी टोपी), इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदला. मिसिंग प्लगबरोबर गेलं नाही तर इंजेक्टर बदलून बघा (ओ-रिंग नव्या घाला, जुन्या परत बसवल्या की पेट्रोल झिरपतं). दोन्ही करूनही मिसिंग तिथेच राहिलं, तर रोग इंजिनाच्या आत आहे.

प्लग काढताना त्याच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) तेल आहे का बघा. हेड कव्हरची प्लग-सील कडक झाली की तिथे तेल साठतं, बूटचं रबर फुगतं आणि स्पार्क टोकापर्यंत न जाता प्लगच्या बाहेरच्या बाजूने उतरतो. नवी लीडही त्यात सहा महिने टिकत नाही.

मांद्रे_बीच_रोड

हे सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे आहे. जुन्या गाड्यांची वाट लावलीय त्याने. दमट हवेत टाकीत पाणी धरतं, सकाळी तेच पाणी इंजेक्टरमध्ये. टाकी रिकामी करा.

डिचोली_वर्कशॉप

इथेनॉलवर राग समजतो, पण हिशेब जुळत नाही. खराब पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच मिळतं. त्यामुळे अडखळणं सगळीकडे होईल. एका ठेक्यात, एकाच सिलिंडरवर होणार नाही. आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं, ते सात मिनिटांत रोज नेमाने संपत नाही. शंकाच असेल तर फिल्टरच्या पाइपमधून पारदर्शक बाटलीत दोनशे मिली पेट्रोल काढा, अर्धा तास हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. नाही दिसला तर विषय संपला. ई-२० मुळे २००४ च्या गाडीत बघायचे ते रबरी पेट्रोल पाइप, तेही बोटाने दाबून आणि वास घेऊन.

आता मूळ प्रश्न. थंड असताना एक सिलिंडर मिस आणि गरम झाल्यावर बरा, याची आपल्या हवेत तीन कारणं जास्त दिसतात.

पहिलं, ओल. बूटला बारीक चीर असते, रात्रीच्या दमट हवेत ती ओली होते, इंजिनच्या उष्णतेने वाळते. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे जास्त. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून झाडांना पाणी मारायच्या बाटलीने कॉइल आणि लीडवर बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतील. हात लांब ठेवा. पण तुमचं मिसिंग मे महिन्यातही होतं, म्हणून मला ओल पटत नाही.

दुसरं, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधली सील). रात्रभर थेंबथेंब कूलंट एका सिलिंडरमध्ये उतरतं. त्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, आणि महिन्याभरात रेडिएटरची पातळी उतरते. पावसाळ्यात वाफ सगळ्यांच्याच गाडीला दिसते, म्हणून पातळीवर भरवसा ठेवा.

तिसरं, आणि माझा संशय यावरच: एक्झॉस्टचा टॅपेट टाइट, म्हणजे धूर सोडणारा वॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप कमी. याच्याकडे लक्ष जात नाही, कारण सैल टॅपेट टकटक करतो आणि टाइट टॅपेट गप्प असतो. गाडी शांत चालते म्हणून मालक खूश. वर्षानुवर्षं वॉल्वची फेस आणि सीट (वॉल्व बंद होताना टेकतो ती जागा) झिजते, वॉल्व हेडमध्ये वर सरकतो, त्याची दांडी रॉकरला जाऊन भिडते. गॅप संपला की वॉल्व पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. मग गरम झाल्यावर बरं का वाटतं? या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. ते तापून वाढतं, कॅम (रॉकर हलवणारा शाफ्ट) वर उचलला जातो आणि गॅप थोडा उघडतो. म्हणूनच सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाचा गॅप थंड गॅपपेक्षा जास्त दिलेला असतो.

कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण दोनदा. मॅन्युअल गरम इंजिनावर करायला सांगतं आणि गॅरेजमध्येही तशीच करतात. तुमचा रोग तेव्हा लपलेला असतो. एकदा सकाळी पूर्ण थंड, एकदा गरम. चारही प्लग काढून, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी फुल चार्ज. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच सेल्फचे फेरे द्या. चांगल्या इंजिनला १४ किलो प्रति चौरस सेंमी, १२ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरा-सिलिंडरात फरक १ पेक्षा जास्त नको. कमी निघालेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व किंवा गॅस्केट.

हरवळ्याचा (साखळी)

दोघांचेही आभार. आज सकाळी केलं.

इंजेक्टर टेस्ट: १, २, ४ काढले की इंजिन बंद पडायला येतं. ३ काढून काहीच फरक नाही. ३ चा प्लग आणि इंजेक्टर २ शी बदलला, मिसिंग ३ वरच राहिलं. विहिरीत तेल नाही. प्लग काळपट, धुतलेला नाही. कूलंट जागेवर.

कॉम्प्रेशन थंड: १३, १३.२, ८.५, १२.८. तिसऱ्यात तेल घालून ८.८.
गरम: १३.२, १३.४, १२.२, १३.

डिचोली_वर्कशॉप

मग उत्तर मिळालंच की. तेल घालून चढलं नाही म्हणजे रिंगा बऱ्या. गॅस्केट गेली असती तर बहुधा शेजारचाही आकडा पडला असता. गरम झाल्यावर जवळजवळ पावणेचार किलोंनी वर आलं, म्हणजे वॉल्व अजून जळलेला नसावा. जळलेली कड गरम झाल्यावर भरून येत नाही. आयडलला सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून बघा: बाहेरच फडफडत राहिली तर चांगलं, मधूनमधून आत ओढली गेली तर वॉल्व गळतोय.

टॅपेट थंड इंजिनावर करा, रात्रभर उभी असलेल्या गाडीवर. कॉइल आणि हेड कव्हर काढा. प्लग काढलेले असले की क्रँक पुलीचा बोल्ट पाना लावून हलका फिरतो. पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने. १ नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा, म्हणजे त्याचे चारही रॉकर सैल हलतील. त्याचे गॅप मोजा. मग अर्धा फेरा, ३ नंबर. परत अर्धा, ४. परत अर्धा, २. फायरिंग ऑर्डरच १-३-४-२ आहे, म्हणून चूक होत नाही. आधी सोळाही गॅप कागदावर लिहा, मग स्क्रूला हात लावा. गॅपचा आकडा मॅन्युअलमधला थंड इंजिनाचाच घ्या. इनटेक आणि एक्झॉस्टची ओळ नीट वाचा. फीलर गेजची (गॅप मोजायच्या पात्यांचा संच) पाती हलकी ओढ लागून सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजा. निम्मे टॅपेट इथेच बिघडतात.

कुर्टी_ट्यूनिंग

भर घालतो. हेड कव्हर उघडलंच आहे तर त्याची गॅस्केट आणि प्लग-सील नवीच घाला. सिलिकॉन थापू नका. जास्तीचा गोळा आत पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

हरवळ्याचा (साखळी)

गॅप लिहिले. तिसऱ्याच्या एका एक्झॉस्टला ०.०५ ची पातीही जात नाही. त्याच सिलिंडरच्या दुसऱ्या एक्झॉस्टला ०.०५ जाते, ०.०८ नाही. चौथ्याचा एक एक्झॉस्टही टाइट, पण एवढा नाही. इनटेक सगळे बरोबर. सेट करून सकाळी थंड कॉम्प्रेशन तिसऱ्याला १२.४. पहिल्या सेल्फला चारही सिलिंडरवर चालू झाली, भक्-भक् नाही. कागद बाहेरच फडफडतो.

डिचोली_वर्कशॉप

छान. हजार किमीनंतर तिसऱ्याचे एक्झॉस्ट परत थंडच मोजा. गॅप जागेवर असेल तर पुढे दर २०,००० ला बघितलं की पुरे. हजारातच परत मिटला असेल तर सीट खचतेय, मग हेड उतरवून सीट आणि वॉल्वचं काम करावं लागेल. ते पुढे ढकलू नका. एक्झॉस्ट वॉल्व आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकला नाही तर कड जळते.

काढलेली जुनी कॉइल चालू असेल तर फेकू नका, डिकीत ठेवा.