नायसियाच्या विश्वासांगीकारातील वाक्ये कोणत्या वादांतून आली?

प्रश्न

ख्रिस्ती उपासनेत आपण कधी प्रेषितांचा विश्वासांगीकार (म्हणजे आपल्या श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतील कबुली) म्हणतो, तर कधी नायसियाचा. पहिल्यात ‘त्याचा एकुलता एक पुत्र, आमचा प्रभू’ एवढेच आहे; दुसऱ्यात मात्र ‘खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ अशी शब्दांवर शब्दांची भर पडते. ही भर पाखंडी मतांना उत्तर म्हणून घातली गेली, असे वाचनात आले. मग ती मते उद्भवलीच नसती, तर विश्वासांगीकारही तयार झाला नसता का? येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचा उल्लेख करणारे ‘पंतय पिलाताच्या वेळी’ हे शब्दही अशाच वादातून आले आहेत का?

उत्तर १

तयार झाला असता, पण त्याचे रूप वेगळे असते. विश्वासांगीकाराचे मूळ बाप्तिस्म्यात आहे. पाण्यात उतरलेल्या व्यक्तीला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न विचारले जात आणि प्रत्येक वेळी ती ‘माझा विश्वास आहे’ असे उत्तर देई. त्याची तीन भागांची रचना तिथली आहे.

पुत्राविषयीचा विस्तार मात्र निश्चितपणे वादातून झाला. अलेक्झांड्रियातील धर्मगुरू एरियस शिकवीत असे की पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला तरी पित्याने शून्यातून निर्माण केलेलाच आहे. हा वाद पूर्वेकडे पसरल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये नायसिया (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. तिथे हजर असलेल्या आणि पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथनेशियसने नंतर लिहिले आहे की बिशपांना आधी पवित्र शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. परंतु पुत्र ‘देवापासून’ आहे असे म्हणताच एरियसच्या बाजूचे लोकही राजी झाले, कारण करिंथकरांस पहिल्या पत्रानुसार (8:6) सर्व काही देवापासूनच आहे. शास्त्रवचन दोन्ही पक्षांना मान्य आणि अर्थ मात्र परस्परविरुद्ध, या कोंडीतून वाट काढण्यासाठी शास्त्रात नसलेला ‘पित्याशी एकसत्त्व’ (म्हणजे पित्याच्याच सत्त्वाचा) हा शब्द स्वीकारावा लागला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्या शब्दाविषयीची अस्वस्थता नंतरही शमली नाही. 360 मध्ये सम्राट कॉन्स्टंटियसच्या दबावाखाली, पुत्र ‘पित्यासारखा’ आहे एवढेच म्हणणारे सूत्र पुढे आले होते.

उत्तर २

वरील विवेचनात एक भर घालतो. आज आपण म्हणतो तो मजकूर 325 चा नाही. मूळ मजकूर ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढ्यावर थांबत असे आणि त्यापुढे एरियसच्या मतांचा धिक्कार होता. नंतर पुत्राचे देवत्व मान्य करणाऱ्यांपैकी काहींनी पवित्र आत्मा ही निर्मितीच आहे असा पक्ष घेतला, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या 381 च्या परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या मजकुरात ‘पिता व पुत्र यांच्यासह ज्याची आराधना व गौरव होतो’ हे शब्द आले. इथे ‘एकसत्त्व’ हा शब्द मुद्दाम टाळलेला दिसतो; ज्याची आराधना होते तो निर्मिती असू शकत नाही, हा कैसरियाचा बिशप बासिल याचा युक्तिवाद त्यामागे आहे. ‘त्याच्या राज्याचा अंत होणार नाही’ हे लूकच्या शुभवर्तमानातील (1:33) वचन तर अंकुराचा बिशप मार्सेलस याच्या, ख्रिस्ताचे राज्य शेवटी संपेल अशा शिकवणीला दिलेले उत्तर मानले जाते, आणि तो मार्सेलस स्वतः नायसियाचा कट्टर समर्थक होता.

उत्तर ३

पिलाताच्या उल्लेखाविषयी सावध राहावे. ख्रिस्ताने केवळ भासापुरते दुःख सोसले असे म्हणणाऱ्यांविरुद्ध अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी ‘पिलाताच्या वेळी खरोखर’ असे ठासून लिहिले, हे खरे; पण पिलातासमोरच्या ख्रिस्ताच्या साक्षीचा उल्लेख तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही (6:13) आहे, म्हणून केवळ पाखंडामुळे हे शब्द आले असे म्हणता येत नाही. ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ हे शब्द दुसऱ्या शतकातील मार्सियन या शिक्षकाविरुद्ध असावेत असे सहज वाटते, कारण तो सृष्टिकर्त्याला येशूच्या पित्याहून वेगळा मानीत असे. परंतु प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचे आधीचे रूप असलेल्या रोमच्या जुन्या विश्वासांगीकारात हे शब्दच नाहीत. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ते शिरले तोवर पश्चिमेत मार्सियनचा पंथ जवळपास नाहीसा झाला होता.