दहा वर्षांनी तेच पुस्तक: मत बदललं की आठवण, हे कसं ओळखायचं?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. आमच्या वाचकगटात बारा जण आहेत, वयं 19 ते 67. यंदा प्रत्येकाने पूर्वी वाचलेलं एक पुस्तक पुन्हा वाचून ‘तेव्हा काय वाटलं, आता काय वाटतं’ हे मांडायचं ठरलंय. अडचण अशी की ‘तेव्हा काय वाटलं’ हे जो तो आठवून सांगतो, आणि सगळ्यांचं सांगणं एकाच चालीवर जातं: तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. यावर माझा विश्वास बसत नाही. नोंद कशी ठेवायची, त्यात काय काय लिहायचं, कुठे फसगत होते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

वही_पेन्सिल (जळगाव)
दादा, शंका रास्त आहे. जुनं मत आठवताना ते आजच्या मताला जुळेल असं आपोआप वळतं. आज पुस्तक आवडलं तर ‘तेव्हाही कुठेतरी भिडलं होतंच’ असं वाटतं, नाही आवडलं तर ‘तेव्हाच खटकलं होतं’. म्हणून नुसत्या आठवणीवर तुलना करू नका.

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. डावं पान पहिल्या वाचनाला, समोरचं उजवं पान कोरं. डाव्या पानावर तारीख, आवृत्ती आणि मुद्रण (शीर्षकपानाच्या मागे छापलेलं असतं), पुस्तक स्वतःचं की वाचनालयाचं, किती बैठकांत संपलं. ही बैठकांची नोंद लोक हमखास गाळतात. रोज झोपताना सहा-सहा पानं करून महिनाभर वाचलेली कादंबरी आणि दोन दिवसांत संपवलेली तीच कादंबरी, दोन्ही वेळी वाचकाच्या हाती वेगळंच काही लागतं.

त्याखाली चारच ओळी. कुठल्या पानावर थांबावंसं वाटलं. कुठली पानं चाळून पुढे गेलो. कोणाची बाजू घेतली. काय पटलं नाही. तारे किंवा दहापैकी गुण देऊ नका, कारण मोजपट्टीच बदलत जाते. विसाव्या वर्षीचे आठ गुण शंभर पुस्तकांच्या जोरावर दिलेले असतात, चाळिसाव्या वर्षीचे आठ गुण हजार पुस्तकांच्या.

चारपैकी दोन ओळी पुस्तक मिटल्या मिटल्या लिहा, दोन आठ दिवसांनी. लगेच लिहिलं तर शेवटच्या प्रकरणाचाच प्रभाव उतरतो. आठ दिवसांनी जे उरलेलं असतं ते पुष्कळदा मधल्या कुठल्या तरी पानावरचं निघतं.

पुन्हा वाचायची वेळ आली की क्रम चुकवू नका. आधी जुनं पान न उघडता, आठवेल तसं जुनं मत वेगळ्या कागदावर लिहा. मग पुस्तक वाचा. मग उजवं पान भरा. जुनं डावं पान सर्वांत शेवटी उघडा, तोवर त्यावर कागद लावून कडेला क्लिप मारून ठेवा. आता हातात तीन नोंदी आहेत. जुनी नोंद आणि आठवण यांतला फरक स्मरणाचा. जुनी नोंद आणि नवी नोंद यांतला फरक वाचकाचा.

आणि गटात चर्चा व्हायच्या आधी वही भरलेली असली पाहिजे. चांगलं बोलणाऱ्या एकाचं मत ऐकल्यावर बाकी अकरा जणांना तेच आपलं वाटायला लागतं.

धरणगावकर
वरचं सगळं मान्य. एक भर घालतो: ‘वाचकाचा फरक’ म्हणण्याआधी तेव्हा आणि आता वाचलेला मजकूर एकच होता का, ते तपासा. बऱ्याचदा नसतो.

आमच्या गावचे बालकवी घ्या (जन्म 1890, मृत्यू 1918). शाळेतून ते पोचतात ते श्रावणाचे आणि फुलराणीचे कवी म्हणून. पुढे कोणी समग्र कविता वाचतं आणि म्हणतं, ‘माझं मत बदललं, हा तर उदास कवी आहे.’ इथे वय वाढल्याचा संबंध थोडा. शाळेने निवडून दिलं तेवढंच आधी वाचलं होतं, उरलेलं आता वाचलं.

पण ‘औदुंबर’ पाहा. आठच ओळी, मजकूर शाळेतलाच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लहानपणी त्यात हिरवळ दिसते, झरा दिसतो, चार घरांचं गाव दिसतं. ती पांढरी पायवाट हिरव्या कुरणातून निघून काळ्या डोहाकडे जाते, हे तेव्हाही पाठ असतंच, पण नजर तिथे थांबत नाही. पुढे कधीतरी त्या काळ्या डोहावर नजर अडते, आणि मग पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड पहिल्यासारखं राहत नाही. वाचक बदलल्याचा खरा पुरावा असा असतो, कारण कविता जशीच्या तशी आहे.

म्हणून वहीत ‘पूर्ण / संक्षिप्त / पाठ्यपुस्तकातला उतारा / अनुवाद’ असा एक रकाना असू द्या.

बहिणाबाईंच्या बाबतीत आणखी एक रकाना: डोळ्यांनी वाचलं की मोठ्याने. त्यांच्या लेवा गणबोलीत (आपल्या जळगावकडची बोली) ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा म्हणजे डोया. ज्याच्या कानावर ही बोली नाही तो पहिल्यांदा शब्दांशीच झटतो, आणि ‘अवघड वाटलं’ अशी नोंद करून मोकळा होतो. तीच कविता असोद्या-भादलीकडच्या कोणा आजीकडून म्हणून घ्या. मत तिथल्या तिथे बदलतं, दहा वर्षं थांबावं लागत नाही.

तापीकाठ (चोपडा)
फार उपयोगी. दोन प्रश्न. गटातले पाच जण ‘श्यामची आई’ घेताहेत, त्यात काय बघायला सांगू? आणि पुस्तकं वाचनालयाची आहेत, खुणा कशा करायच्या?

केळीबाग (रावेर)
ताई असाल की दादा, कळलं नाही, पण पाचही जणांना आधी हे विचारा: पुस्तक वाचलंय की चित्रपट पाहिलाय? आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट आणि पुस्तक लोकांच्या मनात इतकं एकजीव झालंय की चित्रपटातला प्रसंग पुस्तकाच्या नावावर सांगितला जातो. नोंदीत हे वेगळं हवं.

पुढे, ‘पुन्हा वाचून डोळ्यांत पाणी आलं का’ हे विचारू नका, नुसतं हो-नाही मिळेल. कुठल्या रात्रीवर थांबलात ते विचारा. पुस्तक ‘रात्र पहिली, रात्र दुसरी’ असंच मांडलंय, त्यामुळे नोंद नेमकी होते. मुलं ‘मुकी फुले’ या प्रकरणावर थांबतात, पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामवर थांबतात. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे प्रकरण मुलं भरभर उलटतात. आपल्याकडे कपाशीसाठी कर्ज उचललेल्या घरातला माणूस तेच प्रकरण वाचायला बसला की पुस्तक आईचं राहून शिवाय वडिलांचंही होतं. सावकाराच्या माणसासमोर घरधनी कसा उभा आहे, ते त्याला दिसतं.

नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी (1963) कोणी घेत असेल तर ‘कोणाची बाजू घेतली’ हाच प्रश्न धरा. विशीतला वाचक नायक पांडुरंग सांगवीकरच्या डोळ्यांनी वडिलांकडे बघतो. पोराला पुण्याला पैसे पाठवू लागलेला वाचक त्याच पानांवर वडिलांच्या बाजूने हिशेब मांडतो. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी मात्र दोघंही थांबतात. वयानुसार काय बदललं याइतकंच काय बदललं नाही, हेही वहीत आलं पाहिजे, नाहीतर सगळे बदलच शोधत बसतात.

वही_पेन्सिल (जळगाव)
खुणांचं सांगतो. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही नको. साध्या पातळ कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, वर पान क्रमांक आणि तारीख लिहा, परत करताना पट्ट्या काढून वहीत चिकटवा. डिंकवाल्या रंगीत चिठ्ठ्या जुन्या पुस्तकाला लावू नका. पिवळा पडलेला कागद ठिसूळ असतो, चिठ्ठी ओढली की कोपरा सोबत येतो. स्वतःच्या प्रतीत 2बी पेन्सिल, समासात उभी रेघ, शेजारी वर्षाचे शेवटचे दोन आकडे. दुसऱ्या वाचनाला जुनी रेघ खोडायची नाही. आणि शक्य असेल तर दुसरं वाचन कोऱ्या प्रतीतून करा, कारण जुनी रेघ दिसली की डोळा तिथेच थांबतो आणि ‘मत तेच आहे’ असं वाटून जातं.