पावसात पीटीचा तास कसा घ्यायचा?

डिचोलीची टीचर: सातवीची 40 मुलं, 35 मिनिटं. मैदानात चिखल, हाताशी फक्त व्हरांडा. खो-खो घेतला तर 8 बसतात, एक पाठलाग करतो, 3 पळतात. बाकीचे नुसते बघे.

पेडण्याचे सर: चार-चारचे गट करा, खडूने चौकोन आखा, प्रत्येक गटाची लंगडी वेगळी. बाद झालेल्याने बसायचं नाही, दोरीवरच्या दहा उड्या मारून परत आत. ओल्या लादीवर मात्र कुणाला पळवू नका, आधी कोरडी पुसून घ्या. पहिली पाच मिनिटं जागच्या जागी धावणं. भाषण नको, मुलं ऐकत नाहीत!

फोंड्याची आई: जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. तेव्हा हा तास गणिताला देऊ नका हो.

डिचोलीची टीचर: आजच मागितला होता गणिताच्या बाईंनी. दिला नाही.